टॅब घ्यायचाय: आयपॅड, अँड्रॉइड की विंडोज?

सांजवारा

नमस्कार मंडळी.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला नारळ दिला आणि आमचा लॅपटॉप नेमका त्यात सापडला. प्रोसेसर जुना, त्यामुळे विंडोज ११ त्यावर चढत नाही. चालतो तसा अजून बरा.

लेकीचं म्हणणं, आता लॅपटॉप कशाला, टॅबच घेऊ. ती अकरावी सायन्सला आहे. तिला पेनाने नोट्स लिहायच्यात, क्लासच्या पीडीएफ वाचायच्यात. आई सत्तरीच्या पुढे. तिची कीर्तनं, जुनी नाटकं आणि बंगळुरूच्या भावाशी व्हिडिओ कॉल. मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करते, म्हणजे दिवसभर वर्ड आणि मराठी टायपिंग. एकच टॅब तिघींत चालवायचा विचार आहे. बजेट सगळं धरून चाळीस हजार. राहायला सांगलीत.

एका दुकानात "मॅडम, आयपॅड घ्या, विषय संपला" असं सांगितलं. शेजारच्या दुकानात "आयपॅडमध्ये काहीच टाकता येत नाही हो." तिसऱ्याने कीबोर्डसकट स्वस्तातला विंडोजचा टॅब काढून पुढे ठेवला, "यात तुमचं सगळं चालेल." मला रॅम, चिप वगैरे कळत नाही असं समजून जरा इस्कटून सांगा.

खारीबिस्कीट

आयपॅड. धागा बंद करा. (हलके घ्या.)

पेनड्राइव्ह

खारीबिस्कीट यांचं उत्तर अगदीच टाकाऊ नाही, पण बजेटात कसं बसतं ते बघा.

साधा आयपॅड, म्हणजे मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपवाला, भारतात ३४,९०० ला आला, १२८ जीबी. पेन्सिल वेगळी. त्यातली यूएसबी-सीवाली आली तेव्हा ७,९०० ची होती आणि तिला हाताचा दाब कळत नाही, जोर दिला तरी रेघ तेवढ्याच जाडीची. नोट्सना पुरते, चित्रं काढणाऱ्याला नाही. बेरीज ४२,८०० झाली. अजून कव्हर आणि कीबोर्ड बाकीच आहे. सेलमध्ये खाली येतं, पण सेलची वाट बघायची तुमची तयारी हवी.

सॅमसंगच्या एस मालिकेत पेन डब्यातच येतं आणि लिहिण्यापुरतं ते चार्ज करावं लागत नाही. टॅब एस९ एफई २०२३ मध्ये ३६,९९९ ला आला होता, पेनासकट. त्याच कंपनीची ए मालिका बरीच स्वस्त असते, पण तिच्यावर हे पेन चालत नाही. दुकानदार सोबत रबरी टोकाची एक कांडी देतो, तिला पेन समजू नका. तिने लिहिताना तळहात टेकला की तोही उमटतो. मुलीला रसायनशास्त्राच्या अभिक्रिया लिहायच्या असतील तर आठवड्याभरात ती कांडी ड्रॉवरमध्ये जाते.

म्हणून सिस्टीम ठरवायच्या आधी पेनासकट किंमत मांडा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

जर्सीकर

इथे अमेरिकेत ॲमेझॉनचे फायर टॅब फार स्वस्तात मिळतात, आणि भारतात जाताना कुणीतरी भेट म्हणून नेतंच. कुणी आणून देतो म्हणालं तर आधी विचारा. फायर ओएस हे अँड्रॉइडवरूनच बेतलेलं आहे, पण त्यात गूगलचं प्ले स्टोअर येत नाही. माझ्या सासूबाईंना दिला होता. त्यांची रोजची मराठी ॲप्स ॲमेझॉनच्या दुकानात नव्हतीच. आता त्यावर फक्त पुस्तकं वाचतात.

मास्तर६२

मी निवृत्त शिक्षक, अँड्रॉइड टॅब वापरतो. मराठी लिहिण्याचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

मी टंकत नाही, बोलतो. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय आणली, तेव्हापासून माझी बोटं सुटली. हा प्रतिसाद असाच लिहिलाय. विरामचिन्हं मागाहून हाताने घालावी लागतात आणि आडनावांचे हाल होतात, पण एक अख्खं पान चहा निवायच्या आत होतं. गूगलच्याच जीबोर्ड नावाच्या कीबोर्डवर बोटाने देवनागरी गिरवलं तरी टंकात उतरतं. आयआयटी मुंबईने अँड्रॉइडसाठी 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड काढला होता. व्यंजन दाबून धरलं की त्याची बाराखडी भोवती गोल उघडते. शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. तुमच्या आईंना तसलं काही दाखवून बघा.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, ती कुठल्याही सिस्टीमवर उघडतात. त्यासाठी म्हणून काही ठरवू नका.

आणखी एक. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या अकरावी सायन्सच्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब देत आलेली आहे. बसत असाल तर खिशात हात घालण्याआधी तिकडे चौकशी करा.

अवांतर: ऑक्टोबर २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅब देशापुढे ठेवला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते. सात इंची, अँड्रॉइड २.२, आणि पडदा असा की बोट फिरवून भागायचं नाही, नखाने दाबावं लागे. इंग्रजीच्या सरांनी त्याचं नाव 'पाताळ' ठेवलं होतं.

टिचकी

पाताळ =)) मास्तर, ते इंग्रजीचे सर आयडी घेऊन इथे असतील तर बोलवा.

डोंबिवलीफास्ट

मी आयपॅडवाला, त्यामुळे एकतर्फी वाटलं तर वाटू दे.

टॅबचा पडदा आणि बॅटरी टिकतात, आधी मरतात ती अपडेट्स. २०१४ चा आयपॅड एअर २ पार आयपॅडओएस १५ पर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत आला. २०१८ चा सहाव्या पिढीचा साधा आयपॅड, सगळ्यात स्वस्तातला, आयपॅडओएस १७ पर्यंत. त्या काळच्या कुठल्या अँड्रॉइड टॅबला एवढ्या वर्षांनी नवी आवृत्ती मिळाली ते दाखवा. ॲप्स लगेच बंद पडत नाहीत, पण हळूहळू पडतात. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. किती घरांत असे टॅब आहेत बघा.

दुसरं, पीडीएफ. ए४ कागदाची उंची रुंदीच्या १.४१४ पट असते. या नव्या आयपॅडचा पडदा २३६० गुणिले १६४०, म्हणजे १.४४. पान जवळपास काठोकाठ बसतं. सॅमसंगचे टॅब १६:१० चे, म्हणजे १.६. उभे धरले की वरखाली पट्टे आणि अक्षर बारीक. सिनेमा बघायला ते छान, क्लासच्या नोट्स वाचायला नाहीत. वनप्लसने आपल्या पॅडला ७:५ चा पडदा दिला तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. कुणीतरी कागदाचा विचार केला.

आणि "आयपॅडमध्ये काहीच टाकता येत नाही" हे दुकानदाराने जुन्या माहितीवर सांगितलंय. २०१९ मध्ये आयपॅडओएस वेगळं झालं तेव्हापासून पेनड्राइव्ह (आयडी नव्हे, वस्तू) लावून फाइली घेता-देता येतात. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करता येतात, वर मेन्यूची पट्टी आलीय, आणि हे साध्या आयपॅडवरही चालतं. खिडक्यांची आधीची, स्टेज मॅनेजर नावाची सोय फक्त महागड्यांना होती.

आता आमच्या लोकांची लाज वाटायची बाजू: आयपॅड २०१० चा, आणि त्यात कंपनीचं स्वतःचं कॅल्क्युलेटर आलं २०२४ मध्ये. व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठीचं ॲप मे २०२५ मध्ये.

टिचकी

डोंबिवलीफास्ट, अपडेटचा मुद्दा अर्धा जुना झालाय. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० मालिकेला सात वर्षांचा शब्द दिलाय. अडचण अशी की अँड्रॉइड म्हणजे एक कंपनी नव्हे. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या ब्रँडच्या टॅबला दोनच वर्षं असतील आणि खोक्यावर दोन्हीकडे 'अँड्रॉइड' एवढंच छापलेलं असतं. मॉडेलचं नाव घेऊन कंपनीच्या साइटवर बघावं लागतं. आयपॅडवाल्यांना हा ताप नाही, ते मान्य.

आई व्हिडिओ बघणार आहेत म्हणून एक सांगते, हे दुकानात कुणी बोलत नाही. ओटीटीवाल्यांचं कुलूप असतं, वाइडवाइन नावाचं. टॅबला त्याची एल१ पातळी असेल तर सिनेमा एचडीत दिसतो, एल३ असेल तर पडदा कितीही भारी असो, चित्र ४८० पीचंच येतं. स्वस्त आणि अनोळखी ब्रँडच्या टॅबमध्ये एल३ सर्रास असतं. दुकानात बसूनच 'डीआरएम इन्फो' ॲप टाका, एका ओळीत कळतं. यूट्यूबवरच्या कीर्तनांना याचा काही फरक पडत नाही, नाटकं पैसे भरून बघत असतील तर पडतो.

आणि टॅबवरून गॅसचं बिल यूपीआयने भरायचा विचार असेल तर सिमवालाच घ्यावा लागेल. खातं जोडताना नोंदलेल्या नंबरावरून एसएमएस जावा लागतो, नुसत्या वायफायवाल्यावर गाडी तिथेच अडते. माझं मत, फोनवरूनच भरा, सिमचे जास्तीचे पैसे वाचवा.

काना_मात्रा

सांजवारा, एक प्रश्न. तुमच्याकडे मुद्रितं कुठल्या फॉन्टमध्ये येतात?

सांजवारा

बरीचशी युनिकोडमध्ये, वर्डच्या फाइली. एक दिवाळी अंक आणि एक जुने प्रकाशक श्रीलिपीत पाठवतात. एका कार्यालयाचं काम आयएसएममध्ये. भाषांतराच्या एका एजन्सीला ट्रॅडोस हे भाषांतराचं सॉफ्टवेअर लागतं, ते अधूनमधून. का हो?

काना_मात्रा

कारण मग तुमच्यापुरता प्रश्न आयपॅड की अँड्रॉइड असा राहतच नाही.

श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं, आयएसएम सी-डॅक या सरकारी संस्थेचं, दोन्ही विंडोजवर वाढलेली. यांचे जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. काना वेगळा, अर्धा श वेगळा, रफार वेगळा. फॉन्ट नसला की पानभर कंस, टोप्या आणि रोमन अक्षरांची भेळ. आयपॅडवर बाहेरचा फॉन्ट बसवता येतो, त्यामुळे एकवेळ वाचता येईल. पण दुरुस्ती करायला त्या सॉफ्टवेअरचा कीबोर्ड लागतो, तो तिथे नाही. अँड्रॉइडवर तर पूर्ण सिस्टीमला फॉन्ट बसवणंच मुश्कील.

कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या असं कुणीतरी सांगेलच. करता येतं. मी रोज करतो. 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' यांतला ऱ्या, ॲ, आणि रफारावर अनुस्वार आलेली अक्षरं हमखास मोडतात. तुमच्यासारख्यांचं काम चुका काढण्याचं. कन्व्हर्टरने घातलेल्या चुका काढायचे पैसे प्रकाशक देणार नाही.

ट्रॅडोस स्टुडिओसुद्धा विंडोजचंच.

वर्डबद्दल एक छुपी अट लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्टची मोबाइलवरची ॲप्स १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकट संपादन करू देतात, त्याहून मोठ्या पडद्याला वर्गणी लागते. साधा आयपॅड अकरा इंची, सॅमसंगचा एस९ एफई १०.९. दोघेही रेषेच्या पलीकडे. मॅक्रो तर वर्गणी भरूनही टॅबवर चालत नाहीत. मुद्रितशोधनातले बरेच जण 'दोन स्पेसची एक कर, अवतरणचिन्हं सरळ कर' असली कामं मॅक्रोवर टाकतात. तुम्ही टाकत असाल तर हात मोडल्यासारखं होईल.

मराठी टायपिंग मात्र आता सगळीकडे होतं. इन्स्क्रिप्ट येत असेल तर बाहेरचा कीबोर्ड लावून आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज तिन्हीवर बोटं तशीच चालतात, तो प्रमाणित आराखडा आहे. फोनेटिकची सवय असेल तर विंडोजमध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच मिळतो. रेमिंग्टनवाले, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या आराखड्यावर टंकणारे असाल तर टॅबवर हाल आहेत.

सांजवारा

रेमिंग्टन :( टायपिंगच्या परीक्षेपासून तोच हातात बसलाय.

म्हणजे तिसरा दुकानदार बरोबर होता? विंडोजचा टॅब घेऊ?

पेनड्राइव्ह

थांबा, थांबा.

तिसऱ्या दुकानदाराच्या टॅबमध्ये चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असणार, पैज लावतो. विंडोज ११ ची किमान अट तेवढीच आहे. आणि किमान अट म्हणजे चालू होण्याची अट, काम होण्याची नव्हे. ६४ मधले निम्म्याच्या आसपास विंडोजच गिळतं, मोठं अपडेट आलं की उरलेल्यात जागा मागतं. २०१४-१५ मध्ये दोन जीबी रॅमचे असे स्वस्त विंडोज टॅब बाजारात आले होते, आमच्या ऑफिसने घाऊक घेतले. दोन वर्षांत सगळे टेबलाचा पाय टेकवायला. कंपनीचं नाव नको.

चांगले विंडोज टॅब आहेत, सरफेस प्रो वगैरे. ते लाखाच्या वर जातात आणि कीबोर्डचे पैसे निराळे.

शिवाय त्यात आता आणखी एक पाचर आहे. २०२४ पासूनच्या बऱ्याच सरफेसमध्ये इंटेलऐवजी स्नॅपड्रॅगन चिप आहे, एआरएम घराण्यातली. साधे जुने प्रोग्रॅम त्यावर भाषांतर होऊन चालतात आणि बरे चालतात. पण ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठी मुद्दाम बनवलेलाच लागतो. डाँगल (यूएसबीत किल्लीसारखं लावायचं यंत्र) लावून उघडणारं जुनं सॉफ्टवेअर असेल तर डाँगलचा ड्रायव्हर तिथे अडकतो आणि त्याच्यामागे सगळंच. पहिल्या वेळची गंमत जुन्यांना आठवत असेल: २०१२ चा सरफेस आरटी. दिसायला विंडोज, आणि विंडोजचा एकही जुना प्रोग्रॅम चालत नव्हता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यापायी ९० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले.

खारीबिस्कीट

९० कोटी डॉलरांत प्रत्येक मुद्रितशोधकाला आयपॅड आला असता. पेन्सिलीसकट.

पेंग्विनदादा

लिनक्स टाका.

टिचकी

आले! मी म्हणतच होते, अजून कसे नाहीत.

पेंग्विनदादा

हसा. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम. पण जरा वाचा, टॅबवर टाका म्हणत नाहीये. टॅबवर लिनक्स म्हणजे कॅमेरा चालला तर पडदा फिरत नाही, हे मीही मान्य करतो.

तुमचा लॅपटॉप मेलेला नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्सची एक वर्षाची मुदत दिलीय. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की तिचे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. आजच करून टाका. म्हणजे श्रीलिपी, आयएसएम, रेमिंग्टन, मॅक्रो सगळं जिथे आहे तिथे आणखी काही महिने सुखरूप.

त्यानंतर त्या लॅपटॉपचं नेट काढून टाका. श्रीलिपीला नेट कशाला हवंय? फाइल पेनड्राइव्हने आत, पेनड्राइव्हने बाहेर. वापरण्याआधी पेनड्राइव्ह तपासून घ्या तेवढा. रोजच्या मेल-बँकेसाठी त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या कप्प्यात लिनक्स ठेवता येतं, कुणी बसवून देणारं असेल तर. डाँगलवालं सॉफ्टवेअर वाईनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) चालेल असं मात्र मी सांगणार नाही.

टॅब लेकीसाठी आणि आईंसाठी घ्या. तुमच्या कामासाठी नको.

काना_मात्रा

पेंग्विनदादांना आयुष्यात पहिल्यांदा +१.

घरात लॅपटॉप चालू ठेवून टॅबवरून तो दुरून चालवण्याची युक्तीही आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून जोडणी घेण्याची मूळ सोय नसते, ती प्रो मध्ये. क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतं. गावाला गेल्यावर एखादी काना-वेलांटी सुधारायला ठीक. त्यावर अंक लावू नका.

गोंयकार_पात्रांव

धागा पुढे आणखी कोणी वाचील म्हणून जोडतो. टॅली आणि डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, या दोन गोष्टी ज्यांच्या धंद्यात आहेत त्यांनी आयपॅड-अँड्रॉइडच्या फंदात पडू नये. म्हापशाला माझं छोटं दुकान आहे, निविदा भरायला मला अजून संगणकच लागतो.

अर्धाचहा

एवढे प्रतिसाद झाले आणि मूळ पोस्टमधल्या 'तिघींत एक' कडे कुणाचं लक्षच नाही.

आयपॅडवर घरच्या वापरासाठी वेगवेगळी खाती करता येत नाहीत. शाळा आणि कंपन्यांना तशी सोय आहे, त्यांच्या व्यवस्थापनाखालच्या आयपॅडांना. तुम्हा-आम्हाला नाही. एक आयपॅड, एक मालक, हीच त्यांची धारणा. म्हणजे आजी कीर्तन लावायला गेल्या की नातीच्या नोट्सचं ॲप समोर, आणि नातीच्या हातात घरातल्या सगळ्यांचे फोटो.

अँड्रॉइडला टॅबवर अनेक वापरकर्ते २०१२ पासून आहेत, ४.२ आवृत्तीपासून. सॅमसंगच्या टॅबमध्येही मिळतं. आईंच्या खात्यात भाषा मराठी, टंक मोठा, चारच चित्रं पडद्यावर. लेकीच्या खात्यात तिचा पसारा. कुणी कुणाच्या खोलीत जात नाही. मला वाटतं तुमच्या घराचा निर्णय इथे होतो, चिप आणि कॅल्क्युलेटरवर नाही.

डोंबिवलीफास्ट

कागदावर सुंदर आहे हे. प्रत्यक्षात घरात कोण खाती बदलत बसतं? पहिले चार दिवस हौस, मग सगळे एकाच खात्यात. आयपॅडवर फोकस (नको त्या सूचना दडवायची सोय) लावा, आजींची ॲप्स वेगळ्या पानावर ठेवा, झालं. आणि सात वर्षांचा शब्द वगैरे ठीक, पण एस९ एफईला तो शब्द नाहीये. २०२४ चे एस१० तुमच्या बजेटच्या वर आहेत.

पान बसण्याबद्दलही कुणी काही बोललं नाही. मुलगी दिवसातले पाच-सहा तास पीडीएफ वाचणार आहे. ती तिची पुढची दोन वर्षं आहेत.

अर्धाचहा

आमच्याकडे बदलतात. सासरे पासवर्ड विसरले म्हणून बोटाचा ठसा लावून दिला, तेव्हापासून कुरबूर नाही. सांजवारांच्या घरी काय होईल ते मी इथून सांगू शकत नाही.

ए४ चा मुद्दा मान्य. त्याला उपाय एवढाच की आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचायचं, अक्षर उलट मोठं दिसतं. नोट्स लिहिताना मात्र १६:१० चा फायदा होतो, डावीकडे पीडीएफ, उजवीकडे वही. आयपॅडवर त्या दोन खिडक्या आखडतात.

मास्तर६२

मुलीला विचारलं का कुणी? दुकानात दोन्ही हातात देऊन 'बेन्झीनचं वलय काढ' म्हणावं.

सांजवारा

मास्तर, तसंच केलं! काल दोघी दुकानात जाऊन आलो.

आयपॅडवर लिहिताना तिला मजा आली, ते तोंडावर दिसत होतं. पण पेन्सिलीची किंमत ऐकून तिनेच यादीवर काट मारली. सॅमसंगच्या पेनाने दोन खिडक्या लावून तिने दुकानदाराच्या बिलाच्या पीडीएफवरच वलयं काढली. क्लासच्या पीडीएफ बहुतेक स्लाइड आहेत, आडव्या. त्यामुळे ए४ चा प्रश्न तिला नव्हताच, तो मला होता. एल१ तपासलं. आहे.

तर ठरलं: पेनवाला सॅमसंग, फक्त वायफाय, लेकीचं आणि आईचं खातं वेगळं. माझा लॅपटॉप जागेवर. पेंग्विनदादा, मुदतवाढीची नोंदणी झाली, पाच मिनिटंही लागली नाहीत. दिवाळी अंकवाल्यांना युनिकोडवर या म्हणून मेल टाकलाय, त्यांचं उत्तर काय येणार मला ठाऊक आहे.

एक शेवटचं. आईचं व्हॉट्सॲप तिच्या फोनवर आहे. टॅबच्या तिच्या खात्यात तेच दिसेल ना? आणि लेक अभ्यास करत असताना भावाचा कॉल आला तर?

अर्धाचहा

अभिनंदन. खातं तयार केल्यावर आईंच्या बाजूला व्हॉट्सॲप नव्याने टाका आणि फोनवरच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून क्यूआर दाखवून जोडा. अशी चार यंत्रं जोडता येतात. फोन चौदा दिवसांहून जास्त वापरला नाही तर जोडणी तुटते, त्यामुळे टॅब आला म्हणून आईंचा फोन बंद करून कपाटात ठेवू नका.

कॉलची अडचण खरी आहे. लेकीचं खातं समोर असताना आईंच्या खात्यातला कॉल टॅबवर वाजेलच असं धरून चालू नका. फोनवर वाजेल. मग टॅब हातात घेऊन खातं बदलायचं आणि भावाला उलट कॉल लावायचा.

जागेचं मात्र बघा, दोन्ही खात्यांचा डेटा त्याच १२८ जीबीत मोजला जातो. मायक्रो एसडी कार्डाची खाच आहे का ते बिल करायच्या आधी विचारून घ्या, आणि लेकीच्या क्लासचे उतरवून घेतलेले व्हिडिओ त्यावर जातात का तेही. काही क्लासची ॲप्स कार्डावर उतरवू देत नाहीत.

टिचकी

वाखुसा (वाचनखूण साठवली). मावशीला पाठवतेय, तिच्याकडे पण तीन पिढ्या आणि एक चार्जर आहे.